आंबाबारीशी अबोला

दुपारचे बारा वाजून सहा मिनिटं झाली होती आणि आंबाबारीच्या दवाखान्यासाठी मागवलेलं रक्त अजून खालच्या रक्तपेढीतून हललंसुद्धा नव्हतं.

"रक्तपेढीचं यंत्र पत्ता अज्ञात म्हणतंय!" डॉक्टर शलाका गिरासे दारातूनच ओरडल्या. हातमोजे रक्ताने माखलेले, त्यामुळे फोन त्यांनी खांद्याने कानाशी दाबून धरला होता. "अहो, गेल्या महिन्यात इथेच चार पिशव्या आल्या. आज आंबाबारी अज्ञात कशी? डोंगर काय पळून गेला?"

केतकी खांबेटे चौकीच्या खोलीत भाईदास पावराच्या शेजारी बसली होती. चौकी म्हणजे दवाखान्याला लागून असलेली पत्र्याची खोली आणि तिच्यासमोर सिमेंटचा चौकोनी ओटा. या ओट्यावर पाखरं उतरायची. सरकारी कागदात त्यांचं नाव 'स्वयंचलित हवाई वाहक' असं होतं, पण सातपुड्यात एवढं लांबलचक कोण म्हणणार? चार पंख्यांचं, पोटात डबा असलेलं ते यंत्र दर दहा-बारा किलोमीटरवर एका चौकीत उतरायचं, बॅटरी बदलून घ्यायचं आणि पुढे जायचं. जिथे जीपला तीन तास लागत, तिथे पाखरू सतरा मिनिटांत येई.

केतकी सकाळीच नाशिकहून तपासणीला आली होती. चौक्यांचं हे जाळं ज्यांनी आखलं त्या पाच माणसांतली ती एक, आणि त्या कामाबद्दल तिला राष्ट्रीय पदकही मिळालं होतं. भाईदास चौकीदार. आतल्या टेबलावर त्याची लेक गुंजा होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. साडेअकराला मुलगी झाली, छान रडली, आणि त्यानंतर गुंजाचं रक्त थांबेना.

"डॉक्टर, वेळ किती आहे?" केतकीने विचारलं.

"पाऊण तास. आत नर्सने दाबून धरलंय तोवर. पुढचं मी सांगू शकत नाही."

भाईदास केतकीच्या तोंडाकडे बघत राहिला. जाळं आखणारी बाई नेमकी आजच गावात, म्हणजे काम होणारच, असा विश्वास त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. केतकीला तो विश्वास नकोसा झाला.

"वाटाड्या एकदा बंद करून चालू करा बघू," ती म्हणाली.

यंत्र अडलं की जगभरचा इंजिनियर हेच म्हणतो. तोंडातून निघून जातं, त्याला विचार लागत नाही. भाईदासने कोपऱ्यातल्या डब्याचं बटण खाली केलं, पाच आकडे मोजले आणि वर केलं. मग केतकीने आपल्या पडद्यावर आंबाबारीचं पान उघडलं आणि आपण काय करून बसलो ते तिच्या लक्षात आलं.

आता हे जाळं चालायचं कसं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याला मुख्य कार्यालय नव्हतं आणि एका जागी ठेवलेला नकाशाही नव्हता. कल्पना जुन्या इंटरनेटवरूनच उचललेली. इंटरनेटवर कुठला संदेश कुठून न्यायचा हे कुणा एकाला कधीच ठाऊक नव्हतं. हजारो यंत्रं आपापल्या शेजाऱ्याला एवढंच सांगत, की माझ्याकडून अमक्या ठिकाणी जाता येतं, आणि शेजारी त्यात आपलं नाव जोडून पुढच्याला सांगे. इथेही तसंच. प्रत्येक चौकीत एक वाटाड्या, म्हणजे वाट ठरवणारा तो डबा. आंबाबारीचा वाटाड्या शेजारच्या मोरखीला सांगे, 'आंबाबारी माझ्याकडे आहे.' मोरखीचा वाटाड्या पुढे सांगे, 'माझ्याकडून आंबाबारी एका उडीवर.' त्यापुढचा म्हणे दोन उड्या. असं करत करत तीन हजार चौक्यांना आंबाबारीची वाट कळे. या सांगण्याला जाळ्यातले लोक द्वाही म्हणत. ओटा बंद झाला, की चौकी 'आता माझ्याकडे पाठवू नका' असं सांगे, ती माघार. कुणी कुणाची शहानिशा करत नसे. शेजाऱ्याने सांगितलं ना, मग खरं. सगळं जाळं असं ऐकीव गोष्टींवर उभं होतं आणि, नवल म्हणजे, झकास चालत होतं.

अडचण एकच होती. एखादी चौकी सारखी चालू-बंद व्हायला लागली, की तिची प्रत्येक द्वाही आणि प्रत्येक माघार तीन हजार ठिकाणी पोहोचे आणि तीन हजार वाटाडे हातातलं काम टाकून वाटा पुन्हा मोजत बसत. सुरुवातीच्या वर्षी एका सैल तारेपायी अख्ख्या जिल्ह्याची औषधं दोन दिवस खोळंबली होती. त्यावर केतकीने तोडगा काढला आणि त्याला नाव दिलं अबोला. प्रत्येक माघारीला हजार दोषगुण. दर अर्ध्या तासाने ते निम्मे होतात. दोन हजारांच्या वर गेले, की इतर वाटाडे त्या चौकीचं काहीएक ऐकत नाहीत, ती चौकी नाहीच असं धरून चालतात. साडेसातशेच्या खाली आले की पुन्हा बोलणं सुरू. साधा, सुटसुटीत नियम होता. पदक याच नियमासाठी मिळालं होतं.

पडद्यावर आंबाबारीचे दोषगुण होते तीन हजार पन्नास.

"मघाशी बटण दाबायच्या आधी दोन हजार पन्नास होते," केतकी कोरड्या आवाजात म्हणाली. "त्रेचाळीस मिनिटांत अबोला सुटला असता. आता साठ लागतील. सतरा मिनिटं मी वाढवली."

"साठ मिनिटं, आणि वर पाखराची सतरा," डॉक्टर गिरासे म्हणाल्या. "म्हणजे सव्वा तास. तोवर ती राहत नाही, मॅडम."

केतकी भाईदासकडे वळली.

"भाईदास, सकाळपासून चौकी पाचदा बंद केलीत तुम्ही. का?"

"ढग येत होते ना, ताई." तो गुन्हा कबूल करावा तसा बोलत होता. "मोहफुलं वाळत घालायला गावात सपाट जागा एवढीच. ऊन पडलं की बाया फुलं पसरतात, मग ओटा बंद. ढग आले की गोळा करतात, मग चालू. आणि मघाशी नात झाली म्हणून बाया गूळ वाटायला ओट्यावर जमल्या. वरून पाखरू आलं तर कुणाच्या डोक्यात बसायचं. म्हणून तेव्हाबी बंद केला. तुम्हीच शिकवलं ना प्रशिक्षणात? ओटा मोकळा नसला तर मोकळा म्हणून सांगायचं नाही."

शिकवलं होतं. केतकीने स्वतः उभं राहून शिकवलं होतं. वर्षभरात दोनशे बारा माघारी, जाळ्यातली सगळ्यात चंचल चौकी, असा शेरा मारून ती आज इथे तपासणीला आली होती. आणि हा माणूस दोनशे बारा वेळा खरं बोलला होता.

"तुमच्या त्या मुख्य ऑफिसातून एक बटण दाबा की!" डॉक्टर आतून ओरडल्या. त्या पुन्हा टेबलापाशी गेल्या होत्या आणि दार उघडंच होतं.

"मुख्य ऑफिस नाही. अबोला प्रत्येक वाटाड्या आपापला धरतो. तीन हजार डबे आहेत."

"मग त्यांच्या चौकीदारांना तरी सांगा, सोडा म्हणावं!"

"त्यांना सोडता येत नाही. पूर्वी यायचा. मग जो तो आपल्या सासुरवाडीचा अबोला सोडायला लागला, म्हणून मी ते बटण काढून टाकलं."

"वा!" डॉक्टर म्हणाल्या. या एका शब्दात त्यांनी केतकीची सगळी हुशारी धुऊन काढली. "मग रक्त मोरखीला पाठवा. तिथून माणूस पाठवू."

हा विचार केतकीच्याही मनात आला होता. तिने फोन लावला. रक्तपेढीतल्या मुलीने बिचारीने तीनदा प्रयत्न केला आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, की डॉक्टर नसलेल्या पत्त्यावर रक्त सोडायला यंत्र तयार नाही. मोरखीला डॉक्टर नव्हता. रक्त सुटायचं तर आंबाबारीच्याच नावाने सुटणार होतं, आणि आंबाबारी तर जगात नव्हती.

बारा वाजून तेरा मिनिटं.

एक वाट उरली होती आणि ती केतकीला पहिल्या मिनिटापासून माहीत होती. ज्या पाड्यांना स्वतःची चौकी नाही, ते पाडे शेजारच्या चौकीने पदरी घ्यायचे, अशी सोय जाळ्यात होती. चौकीदाराने यादीत पाड्याचं नाव लिहायचं, की वाटाड्या द्वाही फिरवतो, 'हा पाडा माझ्याकडे आहे.' तो पाडा खरंच तिथे आहे का, त्याची स्वतःची चौकी आहे का, हे कुणी तपासत नाही. मोरखीने आंबाबारीचं नाव आपल्या यादीत घातलं, तर तीन हजार वाटाडे मान डोलावून ते मान्य करणार होते.

पण ती खोटी द्वाही होती. चार वर्षांपूर्वी एका चौकीदाराने हौसेखातर तालुक्याचं नाव आपल्या यादीत घातलं, तेव्हा तालुक्याची सगळी औषधं त्याच्या अंगणात येऊन पडली होती. इन्सुलिनवाचून दोन म्हातारी माणसं गेली. त्याला कामावरून काढण्याच्या कागदावर केतकीचीच सही होती, आणि ती सही तिने मागेपुढे न बघता केली होती.

तिने मोरखीचा नंबर लावला.

मोरखी म्हणजे जाळ्यातली आदर्श चौकी. अकरा वर्षांत एकही माघार नाही. तिथला चौकीदार दामजी वसावे याला उद्या प्रमाणपत्र द्यायचं होतं, ते केतकीच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

"दामजी, तुमच्या यादीत आंबाबारीचं नाव लिहा. आत्ता. मी खांबेटे बोलतेय."

दामजीने आवाज खाली आणला.

"मॅडम, ही परीक्षा आहे काय? आंबाबारीला चौकी आहे. असं लिहिलं तर नोकरी जाते."

"परीक्षा नाही. भाईदासची गुंजा आत आहे, रक्त जातंय. शेऱ्यात माझं नाव घाला, केतकी खांबेटे यांच्या सांगण्यावरून, असं. नोकरी गेली तर माझी जाईल."

"गुंजा? अरे देवा." आवाज एकदम बदलला. "लिहितो. लिहिलं बघा."

केतकीने पडदा सगळ्या जाळ्यावर नेला. मोरखीचा ठिपका उजळला. मग त्याच्या शेजारचे दोन, मग पाच, मग ओळीने खालपर्यंत. 'आंबाबारी मोरखीत आहे.' कुणी अडवलं नाही, कुणी उलटून विचारलं नाही. अकरा वर्षांत एकदाही शब्द न फिरवलेल्या चौकीचं बोलणं होतं ते! तीन मिनिटांत ती थाप रक्तपेढीपर्यंत पोहोचली आणि बारा वीसला चार पिशव्या घेऊन पाखरू उडालं. केतकीला हायसं वाटलं आणि त्याच वेळी आपल्याच यंत्राची भीतीही वाटली.

"चौदा मिनिटांत मोरखी," ती आत ओरडली. "तिथून मोटारसायकल!"

"चालेल!" डॉक्टर म्हणाल्या. "भाईदास, इकडे या. तिच्याशी बोलत राहा. झोपू द्यायचं नाही."

भाईदास आत गेला. पावरी बोलीतलं त्याचं सलग, हळू बोलणं बाहेर ऐकू येत राहिलं. केतकीला शब्द कळत नव्हते. मधूनमधून गुंजाचा हुंकार यायचा, आणि तो यायला जरा उशीर झाला की केतकी उठून दाराशी जायची.

बारा चौतीसला दामजीचा फोन.

"मॅडम, पाखरू वर आलंय. उतरत नाही."

"का? ओटा मोकळा आहे ना?"

"तसा मोकळा नाही. कौलं ठेवलीत. शाळेच्या छपराची. पाच-सहाशे असतील."

"दामजी, मग ओटा चालू कसा दाखवताय?"

"आपण बंद कधी दाखवतच नाही, मॅडम," दामजी धापा टाकत म्हणाला. कौलं उचलून बाजूला टाकल्याचा खडखडाट ऐकू येत होता. "बंद दाखवलं की वरून फोन, चौकशी, लेखी खुलासा. कोण करत बसणार? जागा नसली तर ते बापडं घिरट्या घालतं आणि मग परत तरी जातं, नाहीतर सागावर बसतं. मग आम्ही बांबूने काढतो."

"आजवर किती पडली?"

"यंदा सहा. कागदावर वाऱ्याने पडली."

एरवी केतकीने या माणसाची चामडी सोलली असती. आता तिने पाखराची बॅटरी बघितली. सहा मिनिटं. एवढी उरली असेपर्यंत जागा झाली नाही, तर पाखरू वळून मागच्या चौकीत जाणार होतं, रक्तासकट. "दामजी, कौलं फोडा. फेकून द्या. छपराचं मी बघते."

"शाळा सुटलीय, पोरं लागलीत कामाला. ए, तिकडे टाका, तिकडे!" मग बराच वेळ नुसता खडखडाट, आरडाओरडा, कुणीतरी कुणाला शिवी दिली. पाच मिनिटं. चार. तीन. केतकीने डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घ्यावं असं तिला वाटलं, आणि कुठल्या देवाचं घ्यावं ते आठवेना.

"बसलं!" दामजी ओरडला. "डबा काढला. निघालो!"

मोरखी ते आंबाबारी नऊ किलोमीटर, त्यातला अर्धा नुसता दगडगोट्यांचा उतार आणि चढ. एक वाजायला सात मिनिटं असताना दामजीची मोटारसायकल दवाखान्याच्या दारात आडवी पडली. दामजीचं कोपर सोलवटलं होतं, डबा छातीशी होता. डॉक्टर गिरासेंनी तो त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला.

त्यानंतरचा तास रक्त चढवण्यात गेला. दुसरी पिशवी संपत आली तेव्हा डॉक्टर बाहेर आल्या, ओट्याच्या कडेला बसल्या आणि त्यांना एकदम रडू फुटलं. "वाचली हो," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं अजून लागली असती ना, तर नसती वाचली." आतून भाईदासची बायको नातीला घेऊन आली आणि तिने ते गाठोडं सरळ दामजीच्या मांडीवर ठेवलं. दामजी इतका घाबरला, की त्याने कोपराचं रक्त पोरीला लागू नये म्हणून हात वरच धरून ठेवला. सगळे हसले. केतकीही हसली, खूप दिवसांनी हसल्यासारखी.

मग ती खोलीत परत गेली, कारण तिचं काम उरलं होतं.

अबोला सुटून गेला होता. दोषगुण तीनशेच्या आत. आंबाबारीचा वाटाड्या मघापासून नियमाप्रमाणे द्वाही फिरवत होता, 'आंबाबारी माझ्याकडे आहे.' आता सगळे ऐकत होते. पण मानत कुणीच नव्हतं. दोन चौक्या एकाच गावावर हक्क सांगत असतील, तर वाटाड्या कमी उड्यांची वाट धरतो, आणि उड्या सारख्याच असतील तर आधीपासून टिकून असलेली. मोरखी एक उडी अलीकडे होती. शिवाय तिचा शब्द अकरा वर्षं हलला नव्हता. जाळ्याच्या लेखी आंबाबारी मोरखीतच होती, आणि डोंगरावरून आणखी कुणीतरी उगाच तेच नाव पुकारत होतं.

कुतूहल म्हणून तिने सगळ्यात विश्वासू शंभर चौक्यांची यादी काढली आणि त्यांच्या नावापुढे 'वाऱ्याने पडलेली पाखरं' हा रकाना लावून पाहिला. जिथे माघारी शून्य, तिथे वारा सोसाट्याचा होता. शंभरातल्या एक्क्याण्णव चौक्या मोरखीसारख्याच होत्या. अबोल्याच्या नियमाने अकरा वर्षं खरं बोलणाऱ्यांना एकेक करून गप्प केलं होतं आणि ज्यांनी कधी काहीच कळवलं नाही, त्यांना डोक्यावर बसवलं होतं. जाळं शांत होतं ते अशामुळे. आणि त्या शांततेचं पदक तिच्या घरी काचेच्या कपाटात होतं.

तिने भाईदासला हाक मारली आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं समजावून सांगितलं. "दामजीला आपल्या यादीतून तुमचं नाव काढायला सांगते. दहा सेकंदांचं काम. मग आंबाबारी पुन्हा आंबाबारी होईल. आणि अबोल्याचा हा नियमही मी बदलून घेईन."

"कधी बदलेल, ताई?"

"समिती बसेल. चाचण्या होतील. वर्ष, दीड वर्ष."

भाईदासने बाहेर ओट्याकडे पाहिलं. "मग नको."

"काय नको?"

"नाव काढायला सांगू नका. राहू द्या मोरखीत." तो शांतपणे बोलत होता, त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच केतकीला ते ऐकवेना. "मी दोनशे बारा वेळा खरं सांगितलं, आणि माझी पोरगी मरत होती. दामजी एकदा खोटं बोलला, आणि रक्त आलं. तुम्हीच सांगा, ताई, उद्या गावात कुणाला साप चावला, तर मी माझ्या शब्दावर भरवसा ठेवू, का त्याच्या?"

"पण भाईदास, मग आंबाबारी नावाची चौकीच उरणार नाही. जाळ्यात तुमचं गावच नसेल."

"दवाखाना आहे. डॉक्टर आहेत. दामजीकडे मोटारसायकल आहे." त्याने खांदे उडवले. "गाव असून मघाशी काय उपयोग झाला?"

सगळं आयुष्य वाटा मोजण्यात गेलेल्या त्या बाईला या माणसाला परत आपल्या नावावर आणायची एकही वाट दिसेना. तो म्हणत होता ते चुकीचं होतं, हे तिला समजत होतं. आणि त्याच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं, हेही समजत होतं.

भाईदास कोपऱ्यात गेला. "हा डबा उगाच वीज खातो," तो म्हणाला आणि त्याने वाटाड्याचं बटण खाली केलं. या वेळी त्याने आकडे मोजले नाहीत.

केतकीने सवयीने पडद्याकडे पाहिलं. आंबाबारीच्या नावापुढे आणखी एक माघार पडली, हजार दोषगुण लागले. तीन हजार चौक्यांपैकी एकीनेही आपली वाट बदलली नाही. बदलायचं काही कारणच नव्हतं, त्यांच्या हिशेबाने आंबाबारी होती तिथेच होती, मोरखीत.